सॅक भरण्याआधी जिने उतरा

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की या सदराच्या टपालात एकच विषय येतो. डिसेंबरच्या सुट्टीत हिमालयात ट्रेक बुक केलाय, याआधी कधी डोंगर चढलो नाही, आता काय करू. बुकिंग आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम मला आता पाठ झालाय, आणि खरं सांगायचं तर त्यात वाईट काही नाही, पैसे भरले की माणूस हलतो तरी. यावेळची पत्रं ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, घणसोली अशी सगळी खाडीच्या अल्याडपल्याडची आहेत. एक पत्र इतकं मोठं आणि इतकं मनापासून लिहिलेलं होतं की त्यालाच जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी रागावू नये.

ताई, मी ४४ वर्षांची, ऐरोलीत सातव्या मजल्यावर राहते, बँकेत नोकरी, म्हणजे दिवसभर खुर्ची. ऑफिसातल्या तिघी मैत्रिणींनी मिळून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडातल्या केदारकंठाचा ट्रेक बुक केलाय. मी आयुष्यात चढलेला सगळ्यात मोठा चढ म्हणजे घारापुरीच्या पायऱ्या, त्या पण मध्ये काकडी खायला दोनदा बसून. घरी सगळे हसतायत, नवरा म्हणतो पैसे परत मिळतात का बघ. मैत्रिणीने सामानाची यादी पाठवलीय, बेरीज केली तर २८ हजार होतायत. दहा आठवडे हातात आहेत. जमेल का? आणि सुरुवात कुठून करू?

जमेल. नवऱ्याला सांगा पैसे परत मिळत नाहीत.

पहिलं म्हणजे ती यादी फ्रिजवर लावा आणि महिनाभर तिच्याकडे बघू नका. मी तीस वर्षं बघतेय, नवीन माणूस तयारी म्हणजे खरेदी समजतो, कारण खरेदी सोपी असते आणि एका रविवारी उरकते. सगळ्यात भारी जॅकेटवाला माणूस दुसऱ्या दिवशी दगडावर बसून गुडघ्याला स्प्रे मारत असतो, हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसू पण येत नाही.

आता तुमच्या ट्रेकचा हिशोब बघू. सांक्री गाव, जिथून चालायला सुरुवात होते, ते साधारण १९५० मीटरवर. पहिला मुक्काम बहुतेक जण जुडा का तालाबला करतात, ते २७७० च्या आसपास. पुढचा बेस कॅम्प ३४३० च्या आसपास आणि शिखर ३८०० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट. शिखराच्या दिवशी पहाटे अंधारात उठून बर्फातून पावणेचारशे मीटर चढायचं असतं. लोक याच चढाची भीती घेतात. पण पुढे काय आहे ते कोणी सांगत नाही. बऱ्याच ग्रुपच्या प्लॅनमध्ये त्याच दिवशी शिखरावरून उतरून थेट २७०० मीटरच्या आसपासच्या कॅम्पला जायचं असतं, म्हणजे एका दिवसात अकराशे मीटर उतार. तुम्ही पत्रात लिहिलंय की सातव्या मजल्यावर राहता. एक मजला तीन मीटरचा धरला तर तुमचं घर २१ मीटर उंच झालं. तेव्हा त्या दिवशीचा चढ म्हणजे तुमच्या घरी १८ वेळा जिन्याने जाणं, आणि उतार म्हणजे ५२ वेळा उतरणं. पत्त्यांचा अख्खा कॅट. जोकर धरले नाहीयेत.

चढताना दम लागतो, थांबलं की जातो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ताणत ताणत ब्रेक मारत असतो आणि ज्या स्नायूला या कामाची सवय नाही तो दुसऱ्या दिवशी असा धरतो की खुर्चीवर बसताना 'आई गं' निघतं. पण याच स्नायूची एक चांगली खोड आहे, त्याला एकदा हे काम दाखवलं की पुढच्या वेळी तो बराच कमी कुरकुरतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, जिने उतरायला लागा. चढून लिफ्टने खाली येणारे लोक अर्धीच तयारी करतात, आणि नेमकी सोपी अर्धी.

मी स्वतः कशी करते ते सांगते. वर्तकनगरला आमची बिल्डिंग, चौदा मजले. जुनी कॉलेजची सॅक, त्यात एक लिटरच्या दोन बाटल्या भरून, म्हणजे दोन किलो. सुरुवातीचे दोन आठवडे गच्चीवर गेलं की ते पाणी गच्चीतल्या कुंड्यांना घालायचं आणि रिकाम्या सॅकने उतरायचं, गुडघ्यांना एकदम ओझं नको म्हणून. तिसऱ्या आठवड्यापासून भरलेल्या बाटल्या घेऊनच उतरायचं. मग हळूहळू तीन बाटल्या, चार बाटल्या. आमच्या वॉचमनने पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, मॅडम लिफ्ट चालू आहे, पाणीपण येतंय, मग हे काय. आता तो नुसता तास मोजतो. उतरताना पाऊल पूर्ण टेकवायचं, गुडघा किंचित वाकलेला, आणि आवाज येऊ द्यायचा नाही. धप धप आवाज आला म्हणजे झटका गुडघ्यात गेला समजा. मांजरीसारखं उतरा. गुडघा आधीच दुखत असेल, सूज येत असेल तर जिने सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा, माझ्या भरवशावर राहू नका.

आठवड्यातून तीन दिवस जिने, दोन दिवस भरभर चालणं एवढं पुरे. पळायचं असेल तर पळा पण नाही पळालात तरी चालेल. आणि रविवार डोंगराला द्यायचा. तुमच्या तर पाठीमागेच पारसिकची रांग आहे, घणसोलीच्या गवळीदेव डोंगरावर पहिले दोन रविवार जा, किंवा खारघर हिलचा रस्ता धरा. पायाखाली डांबर सोडून माती-दगड असतात तेव्हा घोटा कसा वळतो ते पायाला कळू दे. मग कर्नाळा. पनवेलच्या पुढे हायवेलाच अभयारण्याचं गेट आहे, झाडीतून छान सावलीची वाट आहे, दीड-दोन तासात किल्ल्यावर. तिथे एकच पथ्य, वरच्या सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा सेंट मारून जायचं नाही, धूर करायचा नाही, आरडाओरडा तर अजिबात नाही.

त्यानंतर पेठचा किल्ला म्हणजे कोथळीगड. ठाण्याहून कर्जत लोकल, पुढे आंबिवलीपर्यंत एसटी किंवा टमटम, गाव गाठलं की डोंगर. याचा सुळका आतून कोरून जिना काढलाय, अंधारातून वर चढत गेलं की एकदम उजेडात बाहेर येतो आपण. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तिथे दहा मिनिटं नुसती हात लावून छिन्नीच्या खुणा बघत बसले होते. नंतर माहुली, आसनगावला उतरून, २८०० फुटांच्या वर, आपल्या जिल्ह्यातला दणकट चढ, शेवटी लोखंडी शिडी. ऑक्टोबरच्या उन्हात माहुली माणसाला भाजून काढतो म्हणून नोव्हेंबरमध्येच जा, तीन लिटर पाणी प्रत्येकी, आणि पहाटेची गाडी पकडा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जमलं तर कळसूबाई, १६४६ मीटर, पहिली कसारा लोकल आणि पुढे जीपने बारी गाव. तिथे शिड्या उतरताना पाय थरथरले नाहीत तर केदारकंठाला काळजी नाही. निघण्याआधीचा शेवटचा आठवडा मात्र नुसतं चालायचं, शेवटच्या रविवारी जोर लावून पाय मुरगळून घेणारे महाभाग असतात.

या सगळ्या रविवारी एक गोष्ट मुद्दाम शिकायची. सावकाश चालायची. मुंबई-ठाण्याच्या माणसाला हे जमत नाही. आपण प्लॅटफॉर्मवर चालतो तसे डोंगरावर चालतो, भरभर वीस पावलं आणि मग कमरेवर हात ठेवून धापा. गावातली बाई डोक्यावर मोळी घेऊन चढते तिच्याकडे बघा, तिचा वेग पहिल्या मिनिटाला जो असतो तोच तासाने असतो. चालताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, वाक्य मध्ये तुटायला लागलं की वेग कमी करायचा. मी पहिल्यांदा हिमालयात गेले तेव्हा ३१ वर्षांची होते, सह्याद्रीतले चाळीसेक किल्ले झालेले, त्यामुळे माज होता. पहिल्या दिवशी ग्रुपमध्ये सगळ्यांत पुढे पळाले, कॅम्पला तासभर आधी पोचले आणि संध्याकाळी डोकं असं ठणकायला लागलं की जेवणाचा वास नको. आमच्यातले एक रिटायर्ड मास्तर सगळ्यात शेवटी आले, गरम सूप प्यायले, दोनदा घेतलं, आणि मला विचारतायत काय गं बरं नाही का.

आता खरेदी. स्वतःचं घ्यायचं ते फक्त अंगाला लागणारं: बूट, लोकरीचे किंवा ट्रेकिंगचे मोजे तीन जोड्या, थर्मलची एक जोडी, लवकर सुकणारे दोन टीशर्ट, दोन ट्रेक पँट, एक फ्लीस म्हणजे मऊ उबदार जाकीट, आणि कपाळाला लावायची बॅटरी. जाड जॅकेट, काठी, बर्फात बुटाला लावायचे खिळे, पायाला बांधायचे गेटर हे सगळं भाड्याने मिळतं, आयोजकांना आधी विचारा काय देतात. झोपायची पिशवी आणि तंबू त्यांचाच असतो. म्हणजे २८ हजारातले निम्म्याहून जास्त वाचले, त्यातून कर्जत लोकलची तिकिटं काढा आणि उतरताना एकेक वडापाव.

आणि खाऊ? दिवाळी येतेच आहे. चकली नको, चुरा होतो. गुडदाणी, तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. थंडीत चॉकलेटचा दगड होतो, चावताना माझ्या भाचीचं दाढेतलं सिमेंट निघालं होतं, लाडू मात्र खिशात ठेवला की मऊ राहतो. वर गेल्यावर भूक मरते, तेव्हा ओळखीची चव असेल तर चार घास जातात.

ताई, मी २६ चा, कळव्याला राहतो. सहा हजाराचे ट्रेकिंग शूज घेतले, दुकानात मस्त बसले होते, पण पेबच्या किल्ल्यावर गेलो तेव्हा उतरताना दोन्ही अंगठ्यांची वाट लागली, एक नख काळं पडलंय. बूट लहान झाले का? बाबांचे जुने चांगल्या कंपनीचे बूट माळ्यावर आहेत, चार वर्षं न वापरलेले, ते घालू का?

अरे बूट लहानच घेतलेस तू. दुकानात सकाळी गेला असशील आणि पातळ मोजे घालून ट्राय केलं असशील, सगळे तेच करतात. दिवसभर चालून पाय सुजतात, म्हणून बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, ट्रेकचे जाड मोजे सोबत न्यायचे, बुटाची नाडी सोडून पाय पुढे पूर्ण सरकवायचा आणि मागे टाचेजवळ एक बोट आरामात गेलं पाहिजे. मग नाडी बांधून दुकानातल्या उतारावर, नसेल तर जिन्यावर, खाली तोंड करून उभं राहायचं. अंगठा पुढे टेकला की तो बूट तुझा नाही, मग त्याची ऑफर कितीही असू दे. दुकानदार म्हणतो नंतर सैल होतो. रुंदीला होतो थोडा, लांबीला होत नाही.

आता आहेत त्याच बुटात आधी दोन प्रयोग कर. नखं अगदी आखूड काप, ट्रेकच्या आदल्या रात्री नव्हे, तीन-चार दिवस आधी. आणि उतार सुरू होण्याआधी थांबून नाडी परत बांध, घोट्याच्या वाकाजवळ गच्च आवळून, म्हणजे टाच मागे बसते आणि पाय पुढे घसरत नाही. एवढं करूनही अंगठा टेकत असेल तर बूट भावाला दे.

माळ्यावरच्या बुटांना हात लावू नकोस, म्हणजे लाव, पण डोंगरावर नेऊ नकोस. बऱ्याच ट्रेकिंगच्या बुटांचा मधला सोल पॉलियुरेथेनचा असतो आणि तो हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत कुजतो, वापरा नाहीतर नका वापरू. आपल्याकडची पावसाळी हवा म्हणजे त्याला मेजवानीच. वरून बूट नवाकोरा दिसतो. माझा असाच एक जोड राजमाचीच्या वाटेवर गेला. आधी वाटलं चिखल चिकटलाय, पाय जड का वाटतोय म्हणून खाली बघितलं तर सोल पुढून मगरीसारखा आ वासून होता, आणि आत पिवळा भुगा, शिळ्या केकसारखा. दुसरा बूट अर्ध्या तासाने गेला, जुळी भावंडं शेवटी. सॅकच्या बाजूचा पट्टा काढून एक बांधला, दुसऱ्याला मैत्रिणीच्या सलवारची नाडी, आणि तिने पुढचे सहा किलोमीटर सलवार सेफ्टीपिनवर काढली. तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये पेन्सिलीला गुंडाळलेली जाड चिकटपट्टी असते.

फोड येण्याबद्दल तू विचारलं नाहीस पण सांगते. फोड येण्याआधी त्या जागी गरम गरम वाटायला लागतं. त्याच क्षणी थांबायचं, ग्रुप पुढे गेला तरी. मोजा काढ, पाय सुकव, त्या जागेवर चिकटपट्टी लाव, मग चाल. 'कॅम्पला गेल्यावर बघू' म्हणणाऱ्याला कॅम्पला फोड बघायला मिळतो.

मी ५८ वर्षांचा, कोपरखैरणे, ब्लडप्रेशरची गोळी सुरू आहे, रोज पाच किलोमीटर चालतो. मुलीसोबत पुढच्या मे महिन्यात हिमालयात जाणार आहे. ऐकलंय की डायमॉक्स घेतली की उंचीचा त्रास होत नाही, आणि कापूर हुंगला की ऑक्सिजन वाढतो. घेऊ का?

कापूर देवापुढे लावा. हुंगून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन काही वाढत नाही.

वर नेमकं काय होतं ते सांगते म्हणजे बाकीचं सोपं जाईल. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे तेच, २१ टक्के, कोपरखैरण्यात पण आणि शिखरावर पण. कमी होतो तो हवेचा दाब. ३८०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ६२-६३ टक्के राहतो, म्हणजे प्रत्येक श्वासात तुम्ही इथल्या मानाने दोन तृतीयांशाहून कमी ऑक्सिजन घेता. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला रात्री लागतात, तास नाही. साधारण अडीच हजार मीटरच्या वर झोपायला लागलं की त्रास सुरू होऊ शकतो: डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं, गळून गेल्यासारखं, झोप न लागणं. बऱ्याचदा पोचल्या पोचल्या ठीक असतं आणि सहा-बारा तासांनी, रात्री, सुरू होतं. आणि तुम्ही रोज पाच किलोमीटर चालता ते चांगलंच आहे, पण त्याने हा त्रास टळत नाही. जिममध्ये जाणाऱ्या पंचविशीतल्या पोराला होतो आणि साठीच्या मावशीला होत नाही असं सर्रास दिसतं.

टाळायचा उपाय एकच, हळूहळू वर जाणं. डॉक्टर लोकांचा नियम असा आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. बुक करताना किमतीआधी हे तपासा. कागद-पेन घेऊन प्रत्येक मुक्कामाची उंची लिहा आणि वजाबाकी करा. (वरच्या ऐरोलीच्या ताईंच्या प्लॅनमध्ये दुसऱ्या मुक्कामाला साडेसहाशेची उडी आहे, तेव्हा ताई, जुडा का तालाबला एक रात्र जास्त मिळते का ते विचारा.) बऱ्याच स्वस्त पॅकेजमध्ये एक दिवस वाचवलेला असतो तो नेमका हाच.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, शरीराला सवय लवकर व्हायला मदत करते, खरंच करते, पण ती कवच नाही. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, सोडावॉटर बेचव लागतं. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवं, आणि बीपीच्या काही गोळ्या स्वतःच लघवी वाढवणाऱ्या असतात. म्हणून तुमच्या बाबतीत मी हो किंवा नाही म्हणणारच नाही. तुमच्या डॉक्टरांकडे जा, सोबत मुक्कामांच्या उंचीचा तो कागद न्या, गोळ्यांची पाकिटं न्या, ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट करू का विचारा. उंचीवर गेल्यावर बीपी बऱ्याच जणांचं थोडं वाढतं, तेव्हा गोळ्यांचं काय करायचं ते त्यांच्याकडून लिहूनच घ्या. मनाने गोळी बंद करायची नाही.

आणि मुलीला दोन वाक्यं पाठ करायला लावा. डोकं दुखतंय आणि मळमळतंय तर आणखी वर जायचं नाही. आणि चालताना दारू प्यायल्यासारखा झोक जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्या जागी दम लागून खोकला यायला लागला तर रात्र असो की बर्फ, खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. मेंदूत किंवा फुफ्फुसात पाणी धरल्याच्या खुणा आहेत त्या. अशा वेळी आजारी माणूस स्वतः म्हणतो मला काही झालेलं नाही, झोपू द्या. त्याचं ऐकायचं नाही, मग ते बाबा का असेनात.

ताई, नाव छापू नका. ठाण्यातच राहते. पहिल्यांदाच उत्तराखंडात सहा दिवसाच्या ट्रेकला जातेय आणि तारीख नेमकी मध्येच येतेय. एका मैत्रिणीने पाळी पुढे ढकलायची गोळी दिलीय. आणि टॉयलेटचं काय असतं तिकडे? हे कोणाला विचारायचं तेच कळत नव्हतं.

बरं केलंस विचारलंस, हा प्रश्न दर वर्षी पाच-सहा जणींच्या मनात असतो आणि पत्र एकच येतं.

मैत्रिणीची गोळी मैत्रिणीला परत दे. हार्मोनच्या काही गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढू शकतो, तो प्रत्येकीला सारखा नसतो, त्यामुळे घ्यायचीच असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला भेट आणि उंचीवर जातेय हे स्पष्ट सांग. पाळीत ट्रेक होतो गं. माझे कितीतरी झालेत, त्यात एक हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने. पाळीचा कप वापरायची सवय असेल तर उत्तम, पण पहिल्यांदा कप ट्रेकवर वापरायचा नाही, आधी घरी दोन महिने. पॅड असतील तर जास्तीचे ने, वापरलेलं वर्तमानपत्रात गुंडाळून चेनच्या जाड पिशवीत, त्यात चमचाभर कोरडी चहापावडर टाकली की वास येत नाही. ती पिशवी परत आणायची, डेहराडूनपर्यंत. बर्फात पुरलं की उन्हाळ्यात वर येतं आणि खालच्या गावाला तेच पाणी जातं.

टॉयलेट म्हणजे उभा चिंचोळा तंबू, आत खड्डा, शेजारी माती आणि एक थापी. पाणी वापरत नाहीत, कागद. पहिल्या दिवशी सगळ्यांना कसंतरी होतं, तिसऱ्या दिवशी जेवताना त्यावर विनोद होतात. रात्री बॅटरी कपाळाला लावून जायचं आणि एकटीने नाही, मैत्रिणीला उठवायचं, तिलाही जायचंच असतं पण थंडीमुळे ती पडून असते. एकच गोष्ट हात जोडून सांगते, टॉयलेट टाळायला म्हणून पाणी कमी पिऊ नकोस. आपण बायका लोकलच्या प्रवासात हेच करतो आणि ती सवय वर घेऊन जातो. डोकेदुखी मग पाण्याची की उंचीची तेच कळेनासं होतं.

कॉलेजला आहे, घणसोली. पहिलाच ट्रेक पनवेलजवळचा कलावंतीण सुळका करायचा विचार आहे, रीलसाठी. जीन्स चालेल का?

जीन्स नाही. भिजली की सुकत नाही, घामाने मांडीला चिकटते आणि गुडघा वर उचलता येत नाही.

कलावंतीणच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या उंच आहेत, कडेला कठडा नाही, आणि रविवारी तिथे चढणारे आणि उतरणारे एकाच पायरीवर समोरासमोर येतात. त्यात एक जण मोबाईल धरून मागे मागे सरकत असेल तर बाकीच्यांनी काय करायचं? पहिला ट्रेक कर्नाळा कर. कलावंतीणला नंतर आठवड्यातल्या दिवशी जा, कोरड्या हवेत, सुळक्याखालच्या प्रबळमाची गावात रात्री राहून पहाटे निघ. व्हिडिओ माचीवरून काढ, तिथून सुळका पूर्ण दिसतो. वर असताना दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

अकरा वर्षांच्या मुलाला डिसेंबरात बर्फाचा ट्रेक झेपेल का? सध्या तो फक्त फुटबॉल खेळतो. (आई, घोडबंदर रोड)

पायांना झेपेल. पण लहान मुलं डोकं दुखतंय असं नीट सांगत नाहीत, नुसती चिडचिडी होतात आणि आपण त्याला झोपेचं किंवा नखऱ्याचं समजतो. आयोजकांची वयाची अट बघा. यावर्षी त्याला येऊरला आणि मामा-भांजे डोंगरावर न्या, मग पेठचा किल्ला दाखवा, तंबूत एक रात्र काढा. बर्फ पुढच्या वर्षी. अंधार व्हायच्या आत येऊरहून मात्र परत या, बिबट्यांची वस्ती आहे ती, आपली नाही.

फोनची बॅटरी थंडीत उतरते म्हणतात. दोन पॉवरबँक नेऊ की तीन?

एकच ने, पण रात्री फोन, पॉवरबँक आणि कपाळाची बॅटरी तिन्ही मोज्यात घालून झोपायच्या पिशवीत कुशीत घे. गारठ्यात बॅटरी दमते, ऊब मिळाली की बरीचशी परत येते. पाण्याची बाटली पण आत घे, बाहेर राहिली तर सकाळी बर्फ. झोपताना गरम पाणी भरून घेतलीस तर पाय शेकतात आणि सकाळी तेच पाणी प्यायला होतं. झाकण दोनदा तपास. मी एकदाच तपासलं होतं.